दोन टेप पुढेमागे होतायत? होऊ दे की!

प्रश्न: दादा, मी ठाण्यात नौपाड्याला राहते. बाबांचे दोन जुने टेपरेकॉर्डर माळ्यावरून काढलेत. जांभळी नाक्याच्या भाजीवालीची हाळी दोन कॅसेटवर लूप करून (टेपची दोन टोकं जोडून, म्हणजे तेच पुन्हा पुन्हा वाजेल) सोसायटीच्या हॉलमध्ये लावायचीय, पण एकत्र चालू केले की थोड्या वेळात एक पुढे पळतो. मेकॅनिक म्हणतो मोटर बदला. आणि बाबा म्हणतात, तेच तेच वाजवायचं याला कला कोण म्हणतं?

उत्तर: अगं, मोटर अजिबात बदलू नकोस, हेच तर हवंय! स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकाराने १९६५ मध्ये एका रस्त्यावरच्या धर्मोपदेशकाचा आवाज दोन टेपवर लूप करून लावला, मशीन हळूहळू पुढेमागे झाल्या आणि त्यातूनच त्याची 'इट्स गोना रेन' ही रचना झाली. आधी एकच आवाज, मग घुमल्यासारखा, मग शब्दांचे पार तुकडे. हिशेब सोपाय, कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंमी पळते म्हणजे २४ सेंमी टेपचा लूप साधारण ५ सेकंदांचा, आणि एक मशीन १ टक्क्याने फास्ट असेल तर आठ-साडेआठ मिनिटांनी दोन्ही परत जुळतात, मग पुन्हा सुटतात. फक्त दोन्ही लूप अगदी सारख्या लांबीचे काप.

हां, पण आवाज हेलकावत असेल, म्हणजे मधेच जाड मधेच बारीक, तर ते वेगळं दुखणं, बहुतेक बेल्ट सैल पडलाय किंवा रबर चिकट झालंय, तो मात्र बदलून घे. लूपचा जोड तिरका काप आणि हेडला (आवाज वाचणाऱ्या भागाला) न लागणाऱ्या बाजूने स्प्लायसिंग टेप, म्हणजे टेप जोडायची खास चिकटपट्टी, लाव. साधा सेलोटेप नको, त्याचा गोंद बाहेर येऊन हेडला चिकटतो. काही मॉडेल चाक फिरत नाही दिसलं की आपोआप बंद पडतात, तेव्हा आधी तासभर चालवून बघ.

हॉल चांगला घुमत असेल तर आणखी एक गंमत. एकावर वाजव, दुसऱ्यावर हॉलमधूनच रेकॉर्ड कर, मग ते वाजवून परत रेकॉर्ड, असं करत जा. आल्विन ल्युसिए या अमेरिकन संगीतकाराने १९६९ मध्ये स्वतःच्या बोलण्याचं हेच केलं, शेवटी शब्द गेले आणि खोलीचा घुमाराच उरला.

बाबांना पंधरा मिनिटं तिथे खुर्ची टाकून बसव. मग काय ते भांडा.