कलाकृती पाहून कोणी पर्यावरणासाठी खरंच काही करतं का?

करतं, विशेषतः कलाकृतीने हाताला काम दिलं तर. योझेफ बॉइस या कलाकाराने १९८२ मध्ये जर्मनीतल्या कासेल शहरात बेसॉल्टच्या ७००० दगडांचा ढीग रचला. अट एकच: झाड लावायचं आणि शेजारी त्यातला एक दगड उभा करायचा. जसजसा ढीग ओसरला, तसतसं शहर हिरवं होत गेलं. शेवटचं झाड १९८७ मध्ये लागलं, बॉइस गेल्यानंतर. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण इथे बघ्याची भूमिका घेऊन काम भागतच नाही.

नुसत्या चित्राचीही ताकद असते म्हणा. छायाचित्रकार ख्रिस जॉर्डनने पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटावर टिपलेली अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याची मेलेली पिल्लं बघा: विस्कटलेली पिसं, आणि पोटाच्या जागी बाटल्यांची रंगीत झाकणं. तशी झाकणं आपल्याही घरात असतात.