‘मुरामासा’ कोरलेली तलवार: शाप, मासामुने आणि मुठीखालचं लोखंड

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते, परतताना एक जपानी तलवार घेऊन आले. मूठ सैल झाली म्हणून उतरवली तर आत दोन अक्षरं दिसली आणि मोबाइलने त्यांचं भाषांतर ‘मुरामासा’ असं केलं. आता घरात चर्चा सुरू आहे की ही तलवार म्यानातून काढली की रक्त मागते, हिने तोकुगावांचं, म्हणजे जपानवर अडीचशेहून जास्त वर्षं राज्य केलेल्या शोगुनांचं घराणं बाधलं, आणि हा मुरामासा म्हणजे मासामुने या नामवंत तलवार घडवणाऱ्या लोहाराचा वाया गेलेला शिष्य. यात खरं किती, जपानमध्ये अशी तलवार पहिल्यांदा घडवली कोणी, आणि गंज काढायचा का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो थांबणार नाही. पात्याचा जो भाग मुठीत जातो त्याला जपानीत नाकागो म्हणतात. त्यावरच्या गंजाला हात लावू नका. सँडपेपर, ब्रासो, लिंबू-मीठ, व्हिनेगर, काहीही नको. पात्याला शेकडो वर्षांत अनेकदा पॉलिश होतं, पण नाकागो कोणी घासत नाही. तिथला गंज घडवल्या दिवसापासून चढत आलेला असतो, म्हणून पात्याचं वय तिथे वाचता येतं. जुना गंज काळपट आणि घट्ट असतो, वापरातल्या बिडाच्या तव्यासारखा. बोट फिरवलं तर हाताला लागत नाही. लालसर, भुसभुशीत गंज म्हणजे अलीकडचा ओलावा. आता अक्षरांच्या खाचा बघा. भिंग घ्या आणि उजेड बाजूने पाडा. खाचेच्या तळाशी आजूबाजूइतकाच काळेपणा हवा. भोवती काळं आणि खाचेत तांबूस किंवा चकचकीत असेल, तर अक्षरं नंतर कोणीतरी कोरलेली आहेत.

मोबाइलच्या वाचनावर फार विसंबू नका, निदान ‘मासा’ तुम्हीच ओळखू शकता. हे अक्षर पाच सरळ रेघांचं: वर आडवी, तिच्या मध्यातून खाली उतरणारी उभी, त्या उभीच्या कमरेतून उजवीकडे एक छोटी आडवी, डावीकडे एक छोटी उभी, आणि सगळ्यांच्या खाली पाया म्हणून लांब आडवी. जपानी लोक मोजदाद करताना हेच अक्षर पाच-पाचच्या गठ्ठ्यासाठी वापरतात. आपण चार उभ्या रेघा ओढून पाचवी तिरकी मारतो, तसं. ‘मुरा’ म्हणजे गाव, आणि त्या अक्षराचा डावा अर्धा भाग ‘झाड’ या अक्षराचा असतो. ओळ वरून खाली वाचायची. ‘मासा’ मुरामासात शेवटी येतं, मासामुनेत आधी, आणि इतर असंख्य लोहारांच्या नावांत कुठेही. युद्धकाळातल्या लोहारांचीही अशी नावं होती. त्यामुळे एक अक्षर जुळलं म्हणजे काहीच ठरत नाही. नाकागोच्या दुसऱ्या बाजूला तारीख असेल तर ती आधी वाचून घ्या. शोवा युगाच्या वर्षात १९२५ मिळवले की इसवी सन मिळतो. शोवा १७ म्हणजे १९४२. असं वर्ष निघालं, आणि ते मूळचंच असलं, तर शापाची चर्चा तिथेच आटोपते.

आता खरा मुरामासा. सेंगो घराण्यातला हा लोहार इसे प्रांतातल्या कुवानाचा, म्हणजे आजच्या मिए प्रांताच्या उत्तर टोकाचा. तारीख कोरलेलं त्याचं सर्वांत जुनं ज्ञात काम १५०१ सालचं आहे, आणि हेच नाव पुढे किमान तीन पिढ्यांनी लावलं. मासामुने कामाकुराचा, सागामी प्रांतातला, तेराव्या शतकाच्या अखेरीपासून चौदाव्याच्या पूर्वार्धापर्यंतचा. मध्ये दीडशेहून अधिक वर्षं जातात. गुरू-शिष्याची गोष्ट इथेच पडते, आणि तिच्याबरोबर ओढ्याची गोष्टही: दोघांच्या तलवारी वाहत्या पाण्यात उभ्या केल्या, मुरामासाच्या पात्याने येणारं प्रत्येक पान चिरलं, मासामुनेच्या पात्याला वळसा घालून पानं निघून गेली. गोष्ट सुंदर आहे, पण लोहारांच्या इतिहासात तिला जागा नाही. दोन्ही नावांत सामाईक असलेल्या ‘मासा’ने ती जोडी जमवायला मदत केली असावी, असं मला वाटतं.

तोकुगावांच्या बाधेचं मात्र निव्वळ थोतांड म्हणून सोडून देता येत नाही, कारण मूळ घटना खऱ्या आहेत. घराण्यातला पहिला शोगुन तोकुगावा इएयासू, त्याचे आजोबा मात्सुदाइरा कियोयासू १५३५ मध्ये स्वतःच्याच माणसाच्या हातून मारले गेले. इएयासूचा थोरला मुलगा नोबुयासू याला १५७९ मध्ये सेप्पुकू, म्हणजे पोट चिरून आत्महत्या, करावी लागली. परंपरा सांगते की दोन्ही वेळा पातं मुरामासाचं होतं. वडील हिरोतादांवरचा हल्ला आणि खुद्द इएयासूला झालेली जखम हीही त्याच यादीत घालतात. आता नकाशा बघा. या घराण्याचा मुलूख मिकावा, आजच्या आइची प्रांताचा पूर्व भाग, आणि कुवाना तिथून ओवारी ओलांडलं की आलंच. चांगलं कापणारी, भारी किमतीची नसलेली तलवार मिकावाचा शिपाई जवळच्या बाजारातून घेणार. त्या काळी तिथल्या मारामारीत दर दुसरं पातं सेंगो घराण्याचं निघालं तरी नवल नाही. इएयासूचा सरदार होंदा तादाकात्सू याचा प्रसिद्ध भाला तोंबोकिरी याच घराण्यातल्या मासाझानेने घडवला, आणि त्याबद्दल कुणी अपशकुन मानला नाही. स्वतः इएयासूकडून वारशाने आलेली मुरामासा तलवार नागोयाच्या तोकुगावा कला संग्रहालयात आहे. शापाला भिणारा माणूस ती जपून पुढच्या पिढीला देईल का?

शापाची कथा रंगली ती पुढच्या एदो काळात, म्हणजे तोकुगावा शोगुनांच्या राजवटीत, नाटकांतून आणि ऐकीव गोष्टींतून. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की या कथेने लोखंडावर खुणा ठेवल्या. शोगुनच्या राज्यात हे नाव कमरेला बाळगणं अडचणीचं, म्हणून मालकांनी सही घासून टाकली, किंवा ‘मुरा’ खरवडून उरलेल्या ‘मासा’च्या आधाराने दुसरं नाव करून घेतलं. एकोणिसाव्या शतकात वारं फिरलं. शोगुनशाही उलथवायला निघालेल्यांना नेमकी हीच तलवार हवीशी झाली, मागणी वाढली आणि बनावट सह्यांचं पीक आलं. म्हणजे खऱ्या मुरामासावर सही नसण्याची शक्यता असते, आणि सही ठळक दिसली तर संशय आधी घ्यायचा. खोट्या सहीला जपानीत गिमेई म्हणतात, आणि मोठ्या नावांच्या बाबतीत सुरुवात ‘गिमेई’ धरूनच करतात. सहीपेक्षा बाकीच्या खुणा बघा: नाकागोचा पोटाकडचा भाग छोट्या माशाच्या पोटासारखा फुगून शेवटी निमुळता होतो, आणि पात्याच्या दोन्ही बाजूंची पाण्याची रेघ (पाणी देऊन कडक केलेल्या धारेची सीमा) आरशात पाहावी तशी एकमेकींना जुळते, तिच्या लाटा चौकोनी असतात आणि दऱ्या धारेच्या अगदी जवळ येतात. या खुणांचीही नक्कल होते, पण सही कोरण्याइतकं ते सोपं नाही.

मासामुनेचं कोडं उलट आहे. सही मान्य झालेल्या त्याच्या कट्यारी हातावर मोजण्याइतक्या. लांब तलवारी बिनसहीच्या, कारण जुन्या लांब पात्यांची लांबी पुढे कमी केली ती टोकाकडून नव्हे, मुठीकडून. तसं करताना सहीचा तुकडा कापला जातो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तेव्हाचा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या काळात इनाम म्हणून मासामुने देण्याची प्रथा पडली आणि होनआमी या पारखी घराण्याच्या पारखपत्राला सोन्याची किंमत आली. मागणी आधी आणि नाव मागून, असं काही पात्यांच्या बाबतीत झालं असणार. शोगुनशाही गेल्यानंतरच्या मेइजी काळात तर हा माणूस झालाच नाही असा वादही वर्तमानपत्रात रंगला. सही असलेल्या कट्यारी आणि जुन्या नोंदी बघता तो वाद टिकला नाही. युद्धातून आलेली तलवार दिसली की कोणीतरी ‘होंजो मासामुने’चं, म्हणजे तोकुगावा घराण्याकडच्या प्रसिद्ध मासामुने तलवारीचं, नाव काढतंच, म्हणून सांगतो: ती हरवली तोक्योत. तोकुगावा घराण्याने डिसेंबर १९४५ मध्ये ती मेजिरो पोलीस ठाण्यात जमा केली आणि पुढे ती अमेरिकन ताब्यात गेल्यावर माग लागला नाही. ब्रह्मदेशातून आलेल्या ट्रंकेत ती असणार नाही.

पहिला लोहार म्हणून दंतकथा यामातोच्या आमाकुनीचं नाव घेते. लढाईहून परतणारे सैनिक मोडक्या तलवारी घेऊन आलेले त्याने पाहिले, मुलासह सात दिवस प्रार्थना केली आणि न मोडणारी, एका बाजूला धार असलेली बाकदार तलवार घडवली, काळ इ. स. ७०० च्या आसपासचा. पण त्या काळातली पाती सरळ आहेत. बाक नीट रूढ झाला दहाव्या शतकाच्या पुढे, घोड्यावरून वार करण्याची पद्धत आल्यावर. आमाकुनीच्या नावावर असलेली कोगारासु-मारू बादशाही संग्रहात आहे. तिचं पातं पुढच्या निम्म्याहून अधिक भागात दुधारी आणि मागे बाकदार, म्हणजे सरळ आणि बाकदार यांच्या मधला टप्पा हातात धरल्यासारखं. जाणकार ती हेआन काळातली (आठव्या शतकाच्या अखेरीपासून बाराव्यापर्यंतची) मानतात. क्योतोच्या सांजो मुनेचिकाबद्दल सांगतात की घण मारायला त्याला इनारी देवाचा कोल्हा मदतीला आला. त्याची मिकाझुकी, म्हणजे चंद्रकोर, तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पाणी दिलेल्या रेघेजवळ कोरीसारखे बारीक आकार दिसतात, त्यावरून ते नाव.

हा बाक येतो कुठून ते कळलं की निम्म्या दंतकथा आपोआप सुटतात. कच्चा माल लोहवाळू. शिमाने प्रांतात ओकुइझुमोला आजही जुन्या पद्धतीची मातीची भट्टी चालते, ती १९७७ पासून तलवारींसाठीच पुन्हा सुरू केलेली. तीन दिवस-रात्र भट्टी पेटती ठेवून साधारण १० टन वाळू आणि १२ टन कोळसा घातला की अडीच टनांचा गोळा निघतो, आणि त्यात तलवारीच्या लायकीचं पोलाद, तामाहागाने, १ टनाच्या आतच. त्यात कर्ब १ ते १.५ टक्का, आणि तोही कुठे जास्त कुठे कमी. म्हणून घड्या घालायच्या: तापवा, ठोका, मधोमध चीर द्या, दुमडा, पुन्हा ठोका. कीट बाहेर पडतं आणि कर्ब सारखा पसरतो. ‘हजार वेळा दुमडलेली’ हे खोटं. घड्या १० ते १५. दहा घड्यांत १,०२४ थर होतात, पंधरांत ३२,७६८. प्रत्येक घडीला कर्ब आणि वजन दोन्ही जळतं, शेवटी कर्ब ०.६ ते ०.७ टक्क्यांवर यायला हवा. आणखी दुमडलं तर पोलाद मऊ होऊन हातातून जातं.

मग पाणी देणं. माती, कोळशाची पूड आणि सहाणेच्या दगडाची पूड कालवून पात्यावर लिंपतात, पाठीवर जाड आणि धारेवर पातळ. भट्टीची खोली अंधारी करतात, कारण ७५० ते ८०० अंश हा अंदाज फक्त तापलेल्या रंगावरून घ्यायचा असतो. पाण्यात घातलं की धार क्षणात थंड होऊन कडक होते आणि कडक होताना फुगते. पाठ मातीच्या आड सावकाश थंड होते. पातं आधी किंचित पुढे झुकतं आणि मग मागे वळून बाक घेतं. तापमान चुकलं तर धारेला आडवी चीर जाते. ही चीर केसाएवढी असली तरी पातं वापरातून बाद, ती दुरुस्त होत नाही. पाण्याच्या उष्णतेचं गुपित जाणून घ्यायला हौदात हात घालणाऱ्या शिष्याचा हात गुरूने छाटला ही कथा याच क्षणाभोवती विणलेली आहे.

आता तुमच्या तलवारीबद्दल. बहुतांश शक्यता ही की ती लष्करी तलवार, गुंतो. मूठ एकसंध धातूची, दोऱ्याचा आकार ओतीव आणि पात्यावर आकडे कोरलेले असतील, तर ती हवालदार वगैरेंना दिलेली १९३५ च्या नमुन्याची कारखान्यातली तलवार. तिच्यावर लोहाराची सही नसतेच. अधिकाऱ्यांच्या मुठीला खरा दोरा आणि आत माशाचं खरखरीत कातडं असतं. सहीच्या वर किंवा जवळ छोटा शिक्का असेल तर ते बहुधा युद्धकाळातलं, तामाहागानेऐवजी साध्या पोलादाचं पातं. मात्र काही अधिकाऱ्यांनी घरातलं जुनं पातं लष्करी म्यानात बसवून आणलं होतं, म्हणून साज लष्करी आहे एवढ्यावरून निकाल देऊ नका. नाकागोला एकापेक्षा जास्त भोकं असणं हे पातं नव्या मुठीत बसवल्याचं चिन्ह असू शकतं.

पाती शिकलगाराकडे किंवा बफिंगवाल्याकडे अजिबात नेऊ नका. फिरत्या चाकावर कडा गोल होतात, उष्णतेने धारेचा कडकपणा उतरतो आणि पाण्याची रेघ पुसट होते. ते परत येत नाही. शिलाई मशीनचं तेल मऊ सुती कापडाने पातळ पुसा, इतकं पातळ की थेंब दिसू नये. नाकागोला तेल लावू नका. उघड्या हाताने पातं धरू नका, घामाचा डाग कोकणातल्या पावसाळ्यात दोन दिवसांत खड्डा पाडतो. म्यानावर चामड्याचं आवरण असेल तर पावसाळ्यात पातं सुती कापडात गुंडाळून बाहेर ठेवा. काढताना धार वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे पाठ सरकते आणि म्यान कापलं जात नाही. ‘रक्त मागते’ याचा अनुभव बहुतेकांना म्यानाचं तोंड मुठीत धरून घाईने पातं ओढताना येतो.

कायद्याचं एक: ९ इंचांहून लांब पातं शस्त्र कायद्याच्या नियमांत मोडतं, परवाना लागतो की नाही ते जिल्ह्यातल्या अधिसूचनेवर आहे, पोलीस ठाण्यात विचारून ठेवा. पातं शंभर वर्षांहून जुनं निघालं तर पुरावस्तू कायद्यानुसार परवानगीशिवाय परदेशी पाठवता येत नाही, जपानला पॉलिशसाठीसुद्धा.

फोटो टाकाल तेव्हा फ्लॅश बंद ठेवा. नाकागोच्या दोन्ही बाजू, पात्याचं टोक वर आणि अक्षरं सरळ दिसतील अशा. अक्षरांवर तिरका उजेड. मुठीच्या वरून पात्याचा पहिला वीतभर भाग, आणि पात्याची लांबी पाठीवरच्या खाचेपासून टोकापर्यंत सरळ रेषेत मोजून सेंटिमीटरमध्ये. खडू किंवा पावडर अक्षरांत भरू नका.