वाचक विचारतात : नानजिंगचा जांभळा डोंगर

प्रश्न : चीनमधल्या नानजिंगमध्ये एकच दिवस आहे. झिजिनशान, म्हणजे जांभळा डोंगर, एका दिवसात होईल का? गुडघे जरा कुरकुरतात.

उत्तर : अख्खा डोंगर नाही, दक्षिण उतार होईल. उंची जेमतेम ४४९ मीटर, पण ठिकाणं विखुरलेली आहेत. मेट्रो लाइन २ ने मुशुयुआनला उतरा आणि सकाळी मिंग शियाओलिंग बघा. मिंग घराण्याचा पहिला सम्राट होंगवू याची ही समाधी; २००३ पासून जागतिक वारसा. इथली दगडी प्राण्यांची वाट घाईत उरकू नका. सिंह, उंट, हत्ती, घोडे असे ६ प्रकार, प्रत्येकी ४; त्यांतली एक जोडी उभी, एक बसलेली. हत्तीचे दुमडलेले पाय जवळून बघाच. ही वाट सरळ नाही, मेइहुआ टेकडीला वळसा घालते. फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये तिथे मेइ, म्हणजे चिनी प्लम, फुलते, गर्दीही तेव्हाच.

चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सुन यत्सेन यांची समाधीही याच उतारावर; तिला ३९२ पायऱ्या आहेत. खालून नुसत्या पायऱ्याच दिसतात आणि धडकी भरते. वर जाऊन मागे पाहिलं तर फक्त सपाट टप्पे, पायरी एकही नाही! त्या टप्प्यांवर थांबत चढा. गुडघ्यांची परीक्षा उतरताना असते.

बहुतेकांचं चुकतं ते वारात. सुन यत्सेन यांची समाधी सोमवारी बंद असते. प्रवेश मोफत आहे, मात्र नोंदणी आधी करावी लागते. पासपोर्ट जवळ ठेवा.

वेळ उरलाच तर लिंगू मंदिराचं तुळईविना बांधलेलं विटांचं दालन बघा. डोंगरावरची वेधशाळा पुढच्या खेपेला.