हनोई, एक-एक कप

प्रश्न: ताई, डिसेंबरमध्ये हनोईला चाललोय, म्युझियम वगैरेचा कंटाळा येतो, नुसती कॉफीशॉप्स फिरून शहर कळेल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर: अहो कळेल की! पण एसीवाली सोडा, फुटपाथवरच्या बुटक्या प्लास्टिक स्टुलावर बसा (गुडघे बोलतील, बोलू द्या). कपावर फिन नावाचा छोटा फिल्टर ठेवतात, कॉफी थेंब थेंब गळते, तोवर रस्ता बघत बसायचं. रोबस्टा जातीची कॉफी असते, एकदम कडक, म्हणून खाली कंडेन्स्ड मिल्क. जुन्या भागात कॅफे झांगची एग कॉफी प्याच, १९४६ च्या सुमारास दूध मिळेना म्हणून अंड्याचा बलक फेटून घातला न तेच फेमस झालं, मला तर ती कॉफीपेक्षा पुडिंगच वाटते. बर्फवाली दूध-कॉफी हवी तर 'का फे नाउ दा' म्हणा.