वाचकांचे प्रश्न : आळशी डोळा आणि पट्टी

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलाचा उजवा डोळा शाळेतील तपासणीत अधू आढळला. डॉक्टरांनी चष्मा दिला असून चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी लावायला सांगितली आहे. त्याने चांगला डोळाही बिघडणार नाही ना? – एक माता, मुलुंड

उत्तर : आपली काळजी स्वाभाविक आहे. दोन्ही डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक किंवा तिरळेपणा असला, की मेंदू एका डोळ्याकडून येणाऱ्या प्रतिमेकडे दुर्लक्ष करू लागतो आणि त्या डोळ्याची दृष्टी विकसित व्हायची राहून जाते; यालाच ‘आळशी डोळा’ म्हणतात. म्हणूनच केवळ चष्म्याने लगेच स्पष्ट दिसत नाही. चांगला डोळा झाकला, की मेंदूला अधू डोळा वापरावाच लागतो. झाकलेल्या डोळ्याची दृष्टी क्वचित कमी होते, पण ही घट बहुधा तात्पुरती असते. त्यासाठीच फेरतपासणी चुकवू नये. पट्टी चष्म्यावर न लावता त्वचेवरच चिकटवावी, कारण मुले कडेने डोकावतात. मुंबईच्या दमट हवेत घामाने ती सुटते, तेव्हा चेहरा कोरडा करून पंख्याखाली बसवावे आणि चित्रे रंगवायला द्यावीत. पट्टी सहनच न झाल्यास चांगल्या डोळ्यात, त्याची नजर तात्पुरती धूसर करणारे ॲट्रोपिनचे थेंब घालण्याचा पर्याय डॉक्टरांना विचारावा. साधारण सात वर्षांपर्यंत उपचारांचा प्रतिसाद उत्तम मिळतो. म्हणून उशीर मुळीच करू नये, आणि सुधारणा दिसली तरी पट्टी स्वतःहून बंद करू नये, कारण काही मुलांत दृष्टी पुन्हा मंदावते.