आधी डॉक्टर, मग माळ

बाळा, राम कृष्ण हरी.

साथीत गाव बंद झालं तर भजनी मंडळाने दारू पिणाऱ्यांसाठी काय करावं, असं विचारलंस. पहिलं हे की, घाईने कुणाच्या गळ्यात दारू सोडायची तुळशीमाळ घालू नकोस. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर जिवावर बेतू शकतं. मार्च २०२० मध्ये दुकानं एकाएकी बंद झाली, तेव्हा हाच धोका घराघरांत शिरला.

शेवटचा घोट कधी घेतला ते विचार आणि तिथून तास मोज. ६ ते २४ तासांत हात कापतात, घाम सुटतो, झोप उडते. ४८ तासांच्या आत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, बडबड, ताप. घरचे त्याला बाहेरची बाधा समजून अंगारा लावतात आणि मोलाचे तास जातात. १०८ला फोन कर. फिट आली तर कुशीवर वळव; चप्पल हुंगवू नकोस, तोंडात काही घालू नकोस.

गावात लगेच सलाइन लावायची सवय आहे. ग्लुकोजच्या आधी थायमिन, म्हणजे बी-१, द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. डॉक्टरांना हे ठाऊक असतं. पण माणूस रोज पितो हे घरचे लाजेपोटी दडवतात. ते डॉक्टरांना सांगायला लाव. दारू सुटावी म्हणून जेवणात गुपचूप कालवायची औषधं घरात येऊच देऊ नकोस. त्यावर दारू पोटात गेली तर माणूस दगावू शकतो. सॅनिटायझर कुलपात ठेवायला सांग, दारू मिळाली नाही की काहीजण तेही पितात. त्यात मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, निघालं तर डोळे जातात, जीवही जातो.

२०२०च्या आषाढीला संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला आल्या, हरिपाठ घरोघरी झाला. तसंच कर, गर्दी न करता पिणाऱ्याच्या घरी जायचं. दोन तरुण, तोंडाला मास्क, अंगणात सहा फुटांवरून बोलणं. म्हाताऱ्या विणेकऱ्याला पाठवू नकोस, त्याने फोनवरून हरिपाठ घ्यावा. वेळ दिवेलागणीची, कारण पाय भट्टीकडे तेव्हाच वळतात. आशाताईंना आधी कळव. आपल्या सोलापुरात एकाच गावात मठही असतो, दर्गाही. स्वामींना, मौलानांना सोबत घे, कारण कुणाचं कोण ऐकेल सांगता येत नाही. भोंग्यावरून मात्र कुणाचं नाव नको. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, ती देवळाच्या भिंतीवर लिही.

डॉक्टरांनी धोका टळला म्हटलं, हात स्थिर झाले, की माळेचं बोल. आणि नंतर तो घसरला तर माळ काढून घेऊ नकोस. शेवटचा घोट कधी, एवढंच विचार, आणि पुन्हा तास मोजायला लाग.