'वध', 'हत्या' आणि मोर्चातल्या मुंग्या

प्रश्न सोलापुरातल्याच एका विद्यार्थिनीचा आहे. वादविवाद स्पर्धेचा विषय होता: रणांगणावर माणूस मारलेला चालतो, मग कॉलेजच्या आवारातलं आंदोलन का खुपतं? एक वक्ता म्हणाला, "सैनिक करतो तो वध, आंदोलक करतात ती हिंसा. वध म्हणजे न्याय्य मारणं, हत्या म्हणजे अन्याय्य. हा फरक शब्दाच्या मुळातच आहे." परीक्षकांनी माना डोलावल्या. ती विचारते, खरंच आहे का असं?

नाही. हे मी इतक्या व्यासपीठांवरून ऐकलंय की आता कान किटले. दोन्ही शब्द 'हन्' धातूचेच. 'हनश्च वधः' असं पाणिनीचं सूत्रच आहे. नाम करताना 'हन्'च्या जागी 'वध' येऊ शकतो. न्यायाचं म्हणाल, तर अभिमन्यूला अनेक महारथींनी घेरून, युद्धाचे नियम मोडून मारलं. महाभारतात त्या उपपर्वाचं नाव काय? अभिमन्युवधपर्व! अफजलखानाचा 'वध' म्हणताना बाजू आपण घेतो, शब्द घेत नाही.

पण त्याच भाषणात 'मोर्चे काढणारी पोरं देशाशी युद्ध पुकारतात' असंही वाक्य होतं म्हणे. इथे मात्र थांबायलाच हवं, कारण 'मोर्चा' हा शब्द खरोखरच युद्धातून आलेला आहे. फारसीत 'मूरचाल' म्हणजे किल्ल्याला वेढा घालणाऱ्यांनी खणलेला खंदक, तोफांचा आडोसा. १८१८च्या मे महिन्यात इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेने आपल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यापुढे तोफा लावल्या, ते जुन्या मराठीत 'मोर्चे लावणं'. 'मोर्चेबांधणी' आणि 'तिकडे मोर्चा वळवला' हे त्याचेच अवशेष. आता 'मूर' म्हणजे मुंगी आणि 'चाल' म्हणजे खड्डा. मुंगीचं बीळ! काही जाणकार याला लोकव्युत्पत्ती, म्हणजे लोकांनी मागाहून जुळवलेलं मूळ, म्हणून झटकून टाकतात. त्यांनी एकदा वेढ्याचं चित्र डोळ्यांपुढे आणावं. तटावरून गोळ्या येताहेत, खाली माणसं वाकून माती उपसताहेत, पाट्या हातोहात मागे जाताहेत. मुंग्याच त्या. आणि पार्क चौकातून कलेक्टर कचेरीकडे निघालेली रांग उंचावरून बघा, पुन्हा मुंग्याच. खंदक गेला, तोफ गेली, रांग तेवढी राहिली. ही व्युत्पत्ती मी सोडणार नाही.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. निःशस्त्र पोरांच्या वाट्याला आपण सगळे लढाईचे शब्द देतो: मोर्चा, घेराव, धडक, हल्लाबोल. आणि सीमेवर खरोखर माणसं मेली की मथळा येतो, 'चौघांना कंठस्नान'. आमच्या आजीच्या तोंडी कंठस्नान म्हणजे डोकं न भिजवता गळ्याखालून केलेली अंघोळ. मरणाला अंघोळीचा शब्द आणि घोषणेला तोफेचा! अशा तराजूत दोन्हींची तुलना कशी व्हायची?

सोलापूरकरांनी तरी हे विसरू नये. मे १९३०मध्ये इथे मार्शल लॉ लागला. धनशेट्टी, सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी दिली. सरकारी कागदात शब्द होता खून. गावाने त्यांना हुतात्मा म्हटलं, चौकाला तेच नाव दिलं.

तेव्हा बाई, पुढच्या फेरीत साधी क्रियापदं वापरायला लावा. सैनिकाने समोरच्या सशस्त्र माणसाला ठार केलं. शस्त्र टाकलेल्याला मारलं असेल तर त्याला हत्या म्हणा, गणवेश असला तरी. पोरं दारात बसली असतील तर 'बसली' म्हणा, आणि कुणी दगड मारून डोकं फोडलं असेल तर 'डोकं फोडलं' म्हणा. मग परीक्षकांना विचारा, यातलं काय कशाच्या बरोबरीचं आहे.